तांबडीला विचारून घेतलेली बाटली

"हा नव्हे गं. ह्याला साबणाचा वास येतोय. साबण काय, घरात आहेच की."

"मावशी, हा आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो."

"खपू दे. जास्त खपतंय ते घरी न्यायचं म्हटलं तर मला गायींची पेंडच न्यावी लागेल. माझ्या जावयाचा हा वास नव्हे."

काउंटरमागच्या पोरीने बाटली जागेवर ठेवली, दुसरी काढली आणि कागदाच्या पट्टीवर फवारून मामीपुढे धरली. मामीने नाक पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. दुकान सगळं काचेचं. कपाटं काचेची, काउंटर काचेचा, वरून पांढरे दिवे. कुठे हात टेकवावा तर बोटं उमटायची. म्हणून मामी आपली पिशवी छातीशी धरून मधोमध उभी होती, अंग चोरून, दुसऱ्याच्या गोठ्यात शिरलेल्या गायीसारखी.

धारवाली मामी म्हणून तिला सगळी वस्ती ओळखते. तिच्या पाच गायी आहेत, घराच्या मागे पत्र्याचा गोठा आहे, आणि सकाळ-संध्याकाळ तिच्याच हाताचं दूध आसपासच्या घरांत जातं. नवरा गेल्यावर लोकांनी गायी विकून टाक म्हणून सांगितलं. तिने उत्तर दिलं होतं, की नवरा गेला त्याला माझा इलाज नव्हता, गायी आपण होऊन कशाला घालवू. बोलणं असं, पाट्यावर वाटल्यासारखं. सुगंध, परिमळ असले शब्द तिच्याकडे नाहीत. बरा असो की वाईट, तिच्या लेखी सगळा वासच.

पोरीने विचारलं, जावई कुठला लावतात, नाव काय? नाव मामीला ठाऊक नव्हतं. बाटली कशी दिसते? बाटली तिने कधी पाहिली नव्हती. मग वास तरी कसा, ते सांगा. मामीने डोळे मिटले. "आधी लिंबू सोलल्यासारखं नाकात जातं. मग जरा वेळाने नव्या लाकडाची पेटी उघडल्यासारखं. आणि माणूस निघून गेला तरी खुर्चीवर बसून राहतं."

पोरगी हुशार. तिने तेवढ्यावरून चार बाटल्या वेगळ्या काढल्या. पण तोवर मामीचं नाक पार दमलं होतं. पोरीने वाटीतल्या कॉफीच्या बिया हुंगायला दिल्या, त्याने नाक ताजं होतं म्हणाली. मामीने हुंगल्या. आता चारही बाटल्यांना कॉफीचा वास यायला लागला.

"मुलीलाच विचारा ना," पोरगी म्हणाली. "त्यांना माहीत असेल."

मुलीला विचारणं म्हणजे दवंडी पिटणं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मामी घरी पोचायच्या आधी जावयाला कळलं असतं. आणि मग तो आपल्या सवयीप्रमाणे "कशाला मामी, कशाला" म्हणून मोकळा झाला असता. बरं, दुसरा कुठला तरी चांगला वास घ्यावा, तर तेही जमण्यासारखं नव्हतं. का जमत नव्हतं, त्यातच सगळी गोष्ट आहे.

मुलीने नवरा स्वतः शोधला, त्याबद्दल मामीचं काही म्हणणं नव्हतं. तिची तक्रार त्याच्या वासाची. जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यायचं, नाकावर चष्मा बसवायचा, कानामागची दांडी वाकवायची, डोळ्यापासून काच किती लांब ते बघायचं, असं त्याचं काम. ज्याच्या इतकं जवळ जायचं त्याला आपला त्रास होऊ नये, म्हणून रोज गुळगुळीत दाढी आणि वर ते दाढीनंतर लावायचं पाणी. हिशोब साधा. पण तो दारात आला की मामी आतून मुलीला हाक द्यायची, "आली गं तुझी अत्तरदाणी." तोंडावर कधी बोलली नाही, पण भिंतीआडून बोललेलं तोंडावर बोलल्यापेक्षा जास्त लागतं. जावई ऐकायचा आणि पायपुसण्यावर बूट जरा जास्त वेळ पुसायचा. वासाचा माणूस, कामाचा नव्हे, असं मामीचं मत होतं. ते तिने कुणापासून लपवलं नव्हतं.

मग गेल्या थंडीत गोठ्याच्या ओल्या फरशीवरून तिचा पाय सटकला. उजव्या हातावर पडली आणि मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर.

माणसाचा हात मोडला म्हणून गाय थांबत नाही. दोन वेळा धार चुकली की कास दगडासारखी होते, ताप येतो, गाय आटून जाते. एक गडी लावला. तांबडी गायीने त्याला दुसऱ्याच दिवशी असं काही झाडलं, की तो लंगडत गेला तो पगार मागायलाही आला नाही. मुलगी इस्पितळात सकाळच्या पाळीला. मामी डाव्या हाताने बसून बघायची, अर्धी बादली निघेपर्यंत डोळ्यांत पाणी यायचं. आणि एके दिवशी पहाटे गोठ्याच्या दाराशी सायकलची घंटी वाजली. जावई. इस्त्रीचा सदरा, गुळगुळीत दाढी, आणि त्याच्या आधी आत आलेला त्याचा वास.

तांबडीने एकदा हुंगलं आणि बादली भिंतीवर, लाथ गुडघ्यावर. दुभत्या गायीच्या लाथा गोड असतात म्हणे. म्हणणाऱ्याने ती खाल्लेली नसते. जावई गुडघा धरून शेणात बसला. मामीने प्लास्टरचा हात कपाळाला लावला आणि काय सांगायचं ते एका दमात सांगून टाकलं. हा वास बंद. आज लावाल तर उद्याही मानेत राहतो, गायींना कळतो. आणि हा माझा स्वेटर घाला.

तो स्वेटर म्हणजे तपकिरी लोकरीचा, कोपराला ठिगळ, ती धारेला बसताना थंडी असो की ऊन, तोच घालणार. धुवायचा नाही असा तिचा नेम. गायी माणसाला नाही, त्या स्वेटरला ओळखतात असं ती म्हणायची. जावयाने जाकीट काढून गव्हाणीजवळच्या खुंटीला टांगलं आणि सासूचा स्वेटर डोक्यातून घातला. बाह्या मनगटाच्या वीतभर आधीच संपल्या.

दुसऱ्या दिवसापासून तो वासाशिवाय आला. रोज आला. पण स्वेटर होऊनही तांबडी दूध चोरायची, वर चढवून धरायची. कारण मामी धार काढताना अखंड शिव्या घालते आणि गायीला त्या शिव्यांची सवय. मामीने त्याला शिव्या शिकवल्या. त्याच्या तोंडातून त्या निघेनात. जन्मभर गिऱ्हाइकाशी अदबीने बोललेला माणूस. शेवटी तो तांबडीच्या पोटाला डोकं टेकवून म्हणू लागला, "अहो तांबडेबाई, सोडा की. उशीर होतोय हो." मामी दाराशी बसून हसायची ती प्लास्टर दुखेपर्यंत. पण तांबडीने ऐकलं. पान्हा सोडला. माणसाने गायीला अहो-जाहो केलेलं तिने तोवर ऐकलं नव्हतं, म्हणून भुलली असेल.

सुरुवातीच्या त्या गोंधळात तिची कास सुजली होती. गुरांचे डॉक्टर येऊन सुया टोचून गेले, तेव्हाही तिचं डोकं धरायला जावईच उभा. मामी मोडका हात सांभाळत लांब, दारापाशी. एकच खोड तांबडीची गेली नाही. खुंटीवरच्या त्याच्या जाकिटाची कॉलर ती मान लांबवून चाटत बसायची. रोज कॉलर ओलीचिंब. घामाचं मीठ लागतं तिला, मामी सांगायची, दुसरं काही नाही.

दीड महिना हे चाललं. शेवटी शेवटी मुलीच्या तोंडून निघालंच. तो कितीही अंघोळ करो, केसांत गोठा राहायचा. एका बाईने चष्मा बसवून घेताना नाकाला रुमाल लावला. मालकाने त्याला पुढच्या काउंटरवरून उठवलं आणि मागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. गिऱ्हाइकाशी बोलणं बंद. त्याची जागा दुसऱ्याला. हे होऊनही तो पहाटे येतच होता. मामीने त्याला विचारलं, तर म्हणाला, "मागे बरं आहे मामी, बसून काम." आणि बादली धुवायला गेला.

त्या दिवशी मामीने वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. दुसऱ्याच्या नाकाची इतकी काळजी असणारा माणूस, आणि आपण त्याला नावं ठेवत बसलो. पण हे बोलून दाखवायचं तर शब्द कुठून आणायचे? आभार मानणं तिला कधी जमलं नाही. आभार मानायचे तर ती समोरच्याला जास्त वाढते, आणि जावई तर दोन घासांत पोट भरणारा.

प्लास्टर निघालं, बोटांत जोर आला, मामी पुन्हा धारेला बसू लागली. जावई पुन्हा पुढच्या काउंटरवर गेला. रविवारी मात्र तो यायचा, गायींच्या पाठीवर हात फिरवून जायचा. पण वास नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. साध्या पाण्याने धुतलेला, कोरा माणूस. आता तर धारही त्याला काढायची नव्हती. मामीने मनाशी ताडलं, की माझ्या जिभेला घाबरून ह्याने कायमचाच सोडला. मी सोड म्हटलं म्हणून सोडलेला वास मीच परत दिला पाहिजे. आणि तो तोच पाहिजे. दुसरा दिला तर म्हणेल, सासूला माझा आवडत नव्हता, म्हणून बदलून दिला. मग झालं, अत्तरदाणीवर आणखी एक टोमणा.

तर असं होतं ते. मामी काचेच्या दुकानात चार पट्ट्यांपुढे उभी, आणि नाकाने ऐन वेळी दगा दिलेला.

"पट्ट्या देशील मला?" तिने विचारलं. "माझ्या नाकाला कळेना. पण घरी एक आहे, तिला नक्की कळेल."

"तुमची नात का?"

"गाय."

पोरीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. मग कपाळावर आठी न आणता चार पट्ट्या चार वेगळ्या पिशव्यांत घातल्या आणि कुठली कुठल्या झाकणाच्या बाटलीतली तेही सांगितलं. पांढरं, निळं, काळं, सोनेरी. दुकानात नाना तऱ्हेची माणसं येतात, पण ही तऱ्हा तिला नवी असावी. मामी जाईपर्यंत ती दारात येऊन उभी राहिली.

मामीचा हिशोब सरळ होता. पहिल्या दिवशी ज्या वासावर तांबडीने लाथ झाडली, तो जावयाचा. म्हणजे ज्या पट्टीवर ती उखडेल ती बाटली घ्यायची. गाय खोटं बोलत नाही आणि तिचं नाक कॉफीने बिघडत नाही.

संध्याकाळच्या धारेआधी तिने सुरुवात केली. पांढऱ्या झाकणाची पट्टी नाकापुढे धरली. तांबडी रवंथ करत राहिली. निळ्या झाकणाची धरली, तर तिने लांब जीभ काढली, पट्टी बोटांतून ओढून घेतली आणि गिळली. कागदच तो, पचेल. मामीने तिला दोन शिव्या दिल्या आणि काळ्या झाकणाची काढली. ती नाकाशी नेते न नेते तोच तांबडीने कान मागे टाकले, फुरफुरली, दावं ताणून मागे सरली आणि रिकाम्या डब्याला असा पाय मारला की शेजारच्या चौघीही उठून उभ्या राहिल्या.

"हाच," मामी म्हणाली. "शहाणी माझी बाय." सोनेरीची पट्टी दाखवायची गरजच उरली नाही.

रविवारी जावई आला. मुलगी पाळीवर होती, बरंच झालं. मामीने काळ्या झाकणाची बाटली विकत आणून तिची डबी वैरणीच्या मापट्याआड ठेवली होती. ती काढून त्याच्या हातात दिली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. त्याने डबी उघडली, बाटली काढली, झाकण फिरवलं. दोन थेंब तळहातावर घेतले, हात हुंगला.

"छान आहे मामी," तो म्हणाला. "फार छान."

हा आवाज मामीला माहीत होता. ती एकदा त्याच्या चष्म्याच्या दुकानात गेली होती तेव्हा ऐकला होता. चेहऱ्याला न शोभणारी फ्रेम गिऱ्हाईक हट्टाने घालून बघतं, तेव्हाचा तो आवाज.

"माझ्याशी काउंटरवरचं बोलू नका," ती म्हणाली. "हा तुमचाच ना? खरं सांगा."

त्याने बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "माझा निराळा होता. पण हरकत नाही, हाही लावीन. माझा तुम्हाला... म्हणजे मला माहीत आहे, की तो जरा उग्रच होता."

जे होऊ नये तेच झालं. मामी उलट्या बादलीवर मटकन बसली. ज्या हाताचं मनगट मोडलं तेव्हा हूं की चूं केलं नव्हतं, तोच हात तिने कपाळावर मारला. आणि मग जे तिला कधी जमलं नव्हतं ते जमिनीकडे बघून ती बोलली.

"उग्र नव्हता. माझं नाक वाकडं होतं. तुम्ही माझ्यासाठी तो सोडला, वर काचा घासत बसला, आणि मला कळूही दिलं नाही. मला तुमचा तुम्हाला परत द्यायचा होता. तोच. दुसरा नव्हे. त्यासाठी तांबडीला विचारून आणला, आणि ती भवानी चुकली."

"तांबडीला?"

मग तिने सगळं सांगितलं. कॉफीच्या बिया, चार पिशव्या, काळ्या झाकणावर झाडलेली लाथ. जावई ऐकत होता, ऐकता ऐकता त्याने पुन्हा तळहात नाकाशी नेला, आणि त्याचा चेहरा बदलला. तो हसायला लागला. आधी नाकातून, मग पोट धरून, मग गव्हाणीला टेकून.

"मामी, हा गुरांच्या डॉक्टरांचा वास आहे. ते सुया टोचायचे तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांच्या गळ्याला हाच यायचा."

मामीने तांबडीकडे बघितलं. तांबडी त्याच्या तळहाताकडे बघत होती आणि तिची लक्षणं ठीक नव्हती. चुकली कुठे होती ती? जगात सगळ्यात नकोसा माणूस कोण, एवढंच तिला विचारलं होतं, आणि तिने चोख उत्तर दिलं होतं.

"मग तुमची कुठली?"

"निळ्या झाकणाची."

मामीने तोंडाला पदर लावला. "ती तर हिने खाल्ली."

दोघांनीही एकाच वेळी खुंटीकडे पाहिलं. तिथे त्याचं जाकीट लटकत होतं, आल्या आल्या सवयीने टांगलेलं. कॉलर ओली होती. वास त्याने सोडला तरी जाकिटाच्या कॉलरीत वर्षांचा मुरलेला होता, आणि दीड महिना रोज सकाळी तांबडी तोच चाटत होती. मीठ म्हणे.

जावयाने डोळे पुसले. मग म्हणाला, "मी कुणाच्या भीतीने नाही हो सोडला मामी. बाटली आहे घरी, अर्धी. पण रविवारी इथे यायचं असतं. हिने पुन्हा लाथ मारली तर, असं वाटायचं. एकदा ओळख दिली होती, ती घालवायची नव्हती." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि माझ्यासाठी आजवर कुणी गायीला विचारायला गेलं नव्हतं. ही बाटली मी कुणाला देणार नाही."

मामी म्हणाली, बदलून आणते, दुकानातली पोरगी चांगली आहे. तो ऐकेना. ही दुकानात लावीन म्हणाला, दुकानात तांबडी येत नाही. इथे येताना निळ्या झाकणाची लावीन. त्याने बाटली रुमालात गुंडाळली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, नवा चष्मा ठेवावा तशी.

"लावाल ना पण? निळी?" मामीने पुन्हा विचारलं.

"पुढच्या रविवारी लावून येतो. मग धार मी काढतो."

"पुढच्या रविवारी बघू. आत्ता तो हात घेऊन बाहेर व्हा. माझं दूध चढवून धरेल ती."

खरंच तांबडी पाय आपटायला लागली होती. जावई बाहेर जाऊन वाऱ्यात तळहात झाडत उभा राहिला. मामीने स्वेटर डोक्यातून घातला, बादली गुडघ्यांत धरली, कोमट पाण्याने सड पुसले. तांबडी डोळे वटारून दाराकडेच बघत होती.

"ए भवाने, गेला तो. डॉक्टर नाही, आपलाच माणूस आहे. सोड आता."

तांबडी सोडेना. मामीने ठेवणीतल्या दोन शिव्या काढल्या, तरी नाही. तेव्हा बाहेरून, दाराआडून, अदबीचा आवाज आला.

"अहो तांबडेबाई, सोडा की. मामींना उशीर होतोय हो."

तांबडीचा एक कान वळला. मामीने बोटं आवळली. पहिली धार बादलीच्या बुडाशी खणकन वाजली, मग दुसरी, मग बादलीत फेस चढू लागला आणि आवाज मऊ झाला. तांबडी झाली की शेजारची चांदी गाय होती, चांदीनंतर आणखी तिघी, आणि रस्त्यापलीकडच्या घरातून कुणीतरी रिकामं भांडं घेऊन निघालंच असेल.